घासून काढलेला शिक्का

आमच्या घरात छापलेल्या अक्षरावर सगळ्यांचा विश्वास होता. आप्पा बेळगावच्या खासबागेतल्या शाळेत मास्तर. त्यांचे एक मित्र छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि त्यांच्या पिशवीतून कसली ना कसली पत्रकं आमच्या घरी यायची. काही उजळ माथ्यानं यायची आणि आप्पांच्या टेबलावर पडायची, काही थेट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी जायची. विलायती कापडावर, हुंड्यावर, विहिरीच्या पाण्यावर, सरकारवर. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. पत्रकांची भाषा माझ्या अंगात इतकी भिनली होती की आमटीत मीठ जास्त झालं तरी मी त्याच सुरात बोलायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "इंदे, जेव आधी. भाषण मागनं कर."

आमच्या गल्लीत विणकरांचे माग होते. पहाटेपासून त्यांची खटक-खटक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. बाकीच्यांना त्या आवाजात झोप लागायची, मला मात्र तो आवाज बसू द्यायचा नाही. वाचायलासुद्धा मी सोप्यातून परसापर्यंत येरझाऱ्या घालायची. सारखं वाटायचं, जगात कुठंतरी काहीतरी चुकीचं चाललंय आणि आपण इथं भाकरीला पाणी लावत बसलोय. आक्का माझ्या अगदी उलट. ती एका जागी बसून सबंध दुपार गव्हातले खडे वेचायची आणि वेचताना गुणगुणायची. तिची मनगटं गुबगुबीत होती. बांगडीवाला यायचा तेव्हा काचेच्या बांगड्या तिच्या हातात चढवताना तो घामाघूम व्हायचा आणि म्हणायचा, "आक्का, हात जरा मऊ सोड की."

आक्काचं लग्न बोरगावला ठरलं. दाजींच्या घरी तंबाखूचा व्यापार. वडील गेलेले, बहीण लग्न होऊन गेलेली, दाजी एकटेच मुलगे, आणि सगळा कारभार त्यांच्या आईच्या हातात. लग्नात घालायच्या पाटल्यांसाठी आप्पांनी शहापूरच्या एका सराफाकडून सोन्याची लगड घेतली आणि त्याच्याच कारखान्यात पाटल्या घडवल्या. तेव्हा आमच्याकडे अशी रीत होती की सोनं वितळताना घरातलं कुणीतरी मुशीपाशी बसायचं, म्हणजे कारागिराच्या हातून त्यातलं काही इकडं तिकडं होत नाही. आप्पांना शाळा होती, म्हणून आई बसली. पाटल्या घरी आल्या तेव्हा आप्पांनी आम्हा दोघींना उजेडात नेलं आणि आपलं भिंग काढून पाटलीच्या आतल्या अंगाला मारलेला शिक्का दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढी अर्धी चंद्रकोर, सराफाची खूण, आणि तिच्याशेजारी बावीसचा आकडा. आप्पा वर्गात शिकवावं तसं सांगू लागले, "चोख सोनं म्हणजे चोवीस भाग. ते मऊ असतं, नुसत्याचा दागिना टिकत नाही. म्हणून बावीस भाग सोनं आणि दोन भाग तांबं-चांदी. हा आकडा म्हणजे सराफाचा शब्द. पूर्वी माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायला लागायचा, आता असं लिहून मिळतं." मला ते फार आवडलं. सोन्यावरसुद्धा छापील अक्षर असतं, ही गोष्ट मला पत्रकांच्याच जातीची वाटली. आई मात्र भिंगातून बघायला आलीच नाही. तिच्या तव्यावर भाकरी होती.

लग्नानंतर वर्ष उलटायच्या आत आक्का परत आली. सणाला नाही, बाळंतपणाला नाही. दुपारच्या बसनं दाजी तिला घेऊन आले, पाणी प्यायले, आप्पांशी दोन वाक्यं बोलले आणि त्याच पावली परत गेले. आक्काची ट्रंक उघडली तसा तंबाखूचा वास सोप्यात पसरला आणि मला शिंका येऊ लागल्या. लुगड्यांच्या घडीघडीत ती पिवळी धूळ बसली होती. आक्कानं सांगितलं ते असं. पाटल्या तिच्या हातातून घसरायला लागल्या होत्या. एकदा तर माल चाळताना एक पाटली तंबाखूच्या ढिगात पडली आणि अर्धा दिवस शोधावी लागली. म्हणून सासूबाईंनी त्या निपाणीच्या सोनाराकडे लहान करायला दिल्या. सोनारानं कापायच्या आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून बघितली आणि पाटल्या परत दिल्या. म्हणाला, शिक्का बावीसचा हाय, पण माल अठरा-एकोणीसच्या वर न्हाय. मी कमी सोन्याला हात लावला की मागनं नाव माझ्यावर येतंय.

विहीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. मास्तरांनी हिणकस सोनं घालून फसवलं. खरं सोनं घेऊन यायचं असेल तर सुनेनं यावं, नाहीतर माहेरीच राहावं.

मी उभ्या उभ्या पेटले. कुणावर पेटायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण पेटले. आप्पा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शिक्का आहे ना त्याच्यावर? शिक्का आहे." आईनं यातलं काहीच विचारलं नाही. तिनं आक्काचं मनगट आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरलं, पाटली कोपरापर्यंत वर सरकवून बघितली, आणि उठून चुलीकडं गेली. थोड्या वेळानं तिनं आक्कासमोर ताट ठेवलं. जांबोटीचा तांबडा भात, वर तुपाची धार, आणि मुगाची आमटी. आक्कानं चार घास खाल्ले आणि हात आखडला. "भूकच लागत न्हाय गं आई," ती म्हणाली. "वखारीत बसलं की धुळीनं भूक मरतीया. तिथं सगळ्यांचंच असं हुतंय."

दुसऱ्या दिवशी आप्पा सराफाकडे निघाले. मी मागं लागले. बाई माणसानं सराफकट्ट्यावर वादाला जायची पद्धत नव्हती, पण माझं तोंड बंद करण्यापेक्षा मला बरोबर नेणं आप्पांना सोपं वाटलं असावं. मनात मी पत्रक लिहायला घेतलं होतं. मथळा तयार होता: शिक्क्याआडची लूट. पहिलं वाक्यही तयार होतं.

सराफ गादीवर लोडाला टेकून बसला होता. आप्पांनी पाटल्या पुढं ठेवल्या. त्यानं शिक्का बघितला, मान डोलावली, आणि काळा कुळकुळीत दगड जवळ ओढला. पाटली दगडावर घासून एक रेघ काढली. मग टोकाला सोनं बसवलेल्या काड्यांच्या जुडग्यातून बावीसची काडी निवडून शेजारी दुसरी रेघ काढली. दोन्ही रेघांवर काचेच्या दांडीनं तेजाबाचा थेंब फिरवला. काडीची रेघ तशीच पिवळी राहिली. पाटलीची रेघ बघता बघता फिकट झाली.

"नोड्री, बघा मास्तर," सराफ म्हणाला, "हे माझं सोनं न्हवं. माझी लगड बावीसची. मुशीपाशी कोण बसलं हुतं?"

"हिची आई."

सराफ हसला. "मग इथं कशाला आलासा? घरात जाऊन इचारा की. पोरीच्या मुशीपाशी आई बसली म्हंजे आत काय पडंल त्याची हमी मी देत न्हाय."

"मग शिक्का का मारलात?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं न बघता आप्पांना उत्तर दिलं. "शिक्का लगडीचा."

"लगड तर वितळली," मी म्हटलं. "शिक्का पाटलीवर आहे. पाटलीवरचा शिक्का पाटलीबद्दल बोलला पाहिजे. घडवल्यावर तुम्ही एकदा दगडावर घासून बघितली असती तर कळलं असतं. न बघता मारलात."

सराफानं काड्यांचं जुडगं कापडात गुंडाळलं. "मास्तर, पोरीला वकील करा," तो म्हणाला. "इथं गिऱ्हाईक थांबलंय."

आज इतक्या वर्षांनीसुद्धा मला वाटतं की त्या दुपारी मी बोलले ते बरोबर होतं. मध्यंतरी आमच्या बाजारात एका नव्या दुकानात गेले होते. तिथं काचेमागं यंत्र आहे, दागिना त्यात ठेवला की पडद्यावर आकडे येतात, आणि आता सगळीकडे हॉलमार्कचा शिक्का मागतात. आक्काची एक पाटली तिच्या लेकीनं मला दिली आहे, ती मी सहज दाखवली. काउंटरवरच्या मुलानं ती उलटसुलट केली, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, ह्याला शिक्काच न्हाय. हितं कायतरी घासल्यागत लागतंय." मी म्हटलं, "घासलेलंच आहे." तो थांबला, मी पुढं काही सांगेन म्हणून. दुकानात गर्दी होती, मी पाटली रुमालात बांधून बाहेर आले. त्याला सांगायचं होतं ते इथं लिहिते आहे.

शहापूरहून खासबागेत येईपर्यंत आप्पा माझ्या चार पावलं पुढं चालत राहिले. घरी आई निवडायला सूप घेऊन बसली होती. आप्पांनी चप्पल न काढताच विचारलं, "मुशीत काय टाकलंस?"

"माझ्या आईची सरी," आई म्हणाली. सूप थांबलं नाही.

सरी म्हणजे गळ्याबरोबर बसणारी सोन्याची जाड कडी. माझी आजी जांबोटीकडची, सबंध आयुष्य त्या पावसात भातलावणी केलेली. तिच्याजवळ सोनं म्हणाल तर ती एक सरी. ती गेल्यावर लेकींनी सरी छिन्नीनं तोडून वाटून घेतली आणि आईच्या वाट्याला करंगळीएवढा तुकडा आला. तो ती चिंधीत बांधून तांदळाच्या कणगीत ठेवायची. डोंगरातल्या कुठल्याशा सोनारानं घडवलेलं ते तांबूस सोनं, त्यात तांबं किती आणि सोनं किती हे कुणी कधी बघितलं नव्हतं. लेकीच्या पहिल्या दागिन्यात आईच्या अंगावरचं सोनं पडलं पाहिजे, अशी त्यांच्याकडची चाल. बाकीचे गुंजभर टाकतात. आईनं सगळाच तुकडा टाकला.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही इचारलं असतं, त्याच्यावर शिक्का हाय काय म्हणून," आई म्हणाली. आप्पांनी तेव्हा कुठं चप्पल काढली.

ते दोन दिवस घरात कुणाला स्वस्थता नव्हती. आप्पांनी ठरवलं की बोरगावला सांगायचं, सराफाची चूक झाली, त्यानं न बघता शिक्का मारला. हे खोटं नव्हतं. पाटल्या गाळायला द्यायच्या, तांबं जाळून काढायचं, चोख करून पुन्हा घडवायच्या. आईचं नाव मध्ये यायलाच नको. मला माझं पत्रक आठवत होतं. त्यात सराफ होता, लूट होती, भोळं गिऱ्हाईक होतं, आणि ती सरी कुठंच बसत नव्हती. तिला घेतलं की पत्रक मोडत होतं, आणि गाळलं की मी सराफासारखीच न बघता शिक्का मारत होते. मी परसात येरझाऱ्या घालत राहिले. मागांची खटक-खटक डोक्यात बसली होती. एकदा मी आक्काला म्हटलं, "तू काहीतरी बोल की." ती पायरीवर बसली होती, पाटली मनगटावरून बोटांपर्यंत आणायची आणि पुन्हा मागं सारायची. म्हणाली, "गाळलं तर तांबं जाईल. आज्जीचं सोनं आन् सराफाचं सोनं येगळं करता येतंय काय गं?"

"नाही."

"मग गाळू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं इरकली लुगडं नेसलं आणि आप्पांना म्हणाली, "मी येणार." लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळायचं नाही, बस कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या बाजूला शेगडी, आणि चढ आला की क्लीनर उतरून ती ढवळायचा. संकेश्वरच्या अलीकडं आम्ही सगळे खाली उतरून चालत चढ चढलो. आक्का धापा टाकत होती. लहानपणी हीच आक्का मला पाठंगुळीला घेऊन पळायची.

बोरगावच्या घरात शिरताच डोळे चुरचुरायला लागले. सोपा आणि वखार यांच्यामध्ये नुसता दरवाजा, आणि तो कायमचा उघडा. आत बायका तंबाखू कुटत होत्या, चाळत होत्या, आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. विहीणबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. उंच, काटक बाई. तंबाखूची चिमूट नाकाशी धरून कुठल्या शिवारातली ते सांगणारी. दाजी दाराशी उभे राहिले, बसले नाहीत.

"या मास्तर," विहीणबाई म्हणाल्या. "आणलंसा खरं सोनं?"

आप्पांनी घसा साफ केला. सराफाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. पण त्यांच्या आधी आई बोलली.

"सोनं तेच हाय. शिक्का खोटा हाय, ते मला मान्य. सराफानं लगडीवर इश्वास ठेवून मारला. मी मुशीत माझ्या आईची सरी टाकली हुती. कमी कसाची हुती, मला ठावं न्हवतं. ठावं असतं तरी टाकली असती."

वखारीतली कुटण्याची लय जराशी मंदावली. आतल्या बायका ऐकत होत्या.

विहीणबाईंनी आईकडं बघितलं. "सगळी सरी?"

"माझ्या वाट्याची सगळी."

"मी माझ्या लेकीच्या येळंला नाकातल्या फुलीचा फासा टाकलता," त्या हळू म्हणाल्या, आणि लगेच आवाज चढवला. "पर लोकं काय म्हणत्यात? निपाणीभर झालंय, मास्तरनं तांबं घातलं म्हणून. चोख करून द्या, मिटलं."

"करून दिऊ," आई म्हणाली. "सोन्याचं तुम्ही इचारलंसा, मी सांगितलं. आता माझं एक सांगा. पाटल्या सैल कशानं झाल्या?"

विहीणबाईंनी दाजींकडं बघितलं.

"बांगडीवाल्याला घाम फुटायचा हिच्या हातात बांगडी चढवताना," आई म्हणाली. "वरीस झालं न्हाय अजून. सोनाराकडं पाटली पाठवलीसा, हात कुणाकडं पाठवलासा?"

"मारलं न्हाय आम्ही तुमच्या लेकीला," विहीणबाई म्हणाल्या. "उपाशी न्हाय ठेवलं. ताट असतंय रोज पुढ्यात. ह्या धंद्यात आलं की भूक मरती, सगळ्यांचीच मरती. माझ्या न्हाईत काय सैल? सूत गुंडाळायचं, बसत्यात." आणि त्यांनी हात पुढं केला.

तेव्हा मला दिसलं. त्यांच्या पाटल्यांना आतल्या अंगानं सूत गुंडाळलेलं होतं. जुनं, तंबाखूच्या रंगाचं झालेलं, थरावर थर चढवलेलं. पाटली मनगटाला टेकत होती ती त्या सुताच्या आधारानं. त्यांनी हात पुढं केला तो आमचं तोंड बंद करायला, पण मग त्यांचीच नजर त्यावर गेली आणि तो हात त्यांनी हळूच पदराखाली नेला.

दाजींनी जाऊन वखारीचा दरवाजा ओढून घेतला. मी त्या घरात गेल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट.

"आत्ती," आक्का म्हणाली. ती सासूशी कधी डोकं वर करून बोलली नसावी, कारण विहीणबाई दचकल्या. "मला सूत गुंडाळायचं न्हाय. पाटल्या गाळायच्याबी न्हाईत आन् ल्हानबी करायच्या न्हाईत. ह्या हाईत तशा माझ्या हातात बसल्या म्हंजे मी येते."

"आन् न्हाय बसल्या तर?"

"तर न्हाय यायची."

माझ्या सगळ्या पत्रकांत असं एक वाक्य नव्हतं. विहीणबाईंनी तंबाखूची चिमूट उचलली, वास न घेताच टाकली आणि म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी चहा करा कुणीतरी."

परतताना निपाणीत बसला वेळ होता. आक्का आम्हाला त्याच सोनाराकडं घेऊन गेली. पाटल्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "ह्याच्यावरचा शिक्का काढून टाका."

"ताई, शिक्का काढला तर भाव पडंल."

"तो आकडा खोटा हाय म्हणून तुम्हीच सांगितलंसा न्हवं?"

"सांगितलं खरं. पर शिक्का मारून घ्यायला लोकं येत्यात. काढून टाकायला कुणी आलं न्हाय." त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पांना त्या शिक्क्याचा किती अभिमान होता ते मला ठाऊक होतं. त्यांनी खिशातून भिंग काढून सोनारापुढं ठेवलं. "ह्यानं नीट दिसेल," म्हणाले. सोनारानं बारीक कानस घेतली. आधी चंद्रकोर गेली, मग आकडा.

ते पत्रक मी पुढं लिहिलं, पण मथळा बदलून. सराफावर चार ओळी होत्या, त्या असायलाच हव्या होत्या. बाकी सगळं मनगटावर होतं. आप्पांच्या छापखान्यातल्या मित्रानं वाचून विचारलं, "हे कुणाविरुद्ध आहे?" मला सांगता आलं नाही, आणि ते छापलं गेलं नाही. मी त्याच्यावर रागावले होते. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

हिवाळाभर आईनं आक्काला नाचणीची आंबील, जांबोटीचा भात, परसातल्या शेवग्याच्या शेंगा घातल्या. दाजी मधून मधून बेळगावला कामाचं निमित्त काढून यायचे, सोप्यात बसायचे, चहा घ्यायचे. काही विचारायचे नाहीत. फक्त आक्का कप ठेवायला वाकली की तिच्या हाताकडं बघायचे. एकदा उठता उठता म्हणाले, "वखारीचं दार रस्त्याच्या अंगाला काढलंय. सोप्याकडचं भिंत घालून बुजवलं. धूळ येत न्हाय आता घरात." आक्का त्यावरही लगेच गेली नाही. पाटली कोपराकडं सरकायची थांबली, मग नुसती मनगटावर फिरायची राहिली, आणि एके दिवशी फिरायचीही थांबली. तेव्हा तिनं आपली ट्रंक आपण भरली. विहीणबाईंच्या पाटल्यांवर मात्र मी शेवटपर्यंत सूत बघितलं.

पुष्कळ वर्षांनी आक्का वारली तेव्हा मी बोरगावला वेळेवर पोचले. तिच्या लेकीनं आणि मी तिला आंघोळ घातली. दागिने उतरवताना बाकी सगळं निघालं, पाटल्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं, तिचा हात माझ्या हातात धरून मी फिरवत राहिले. ते मनगट पुन्हा तसंच गुबगुबीत झालेलं होतं, बांगडीवाल्याला घाम फोडणारं. दाजी बाहेर भिंतीपाशी बसले होते, जिथं पूर्वी दरवाजा होता तिथं.

"निघंना व्हय?" त्यांनी आतल्या बाजूला न बघता विचारलं.

"न्हाय, दाजी. घट्ट बसलीय."

"व्हय," ते म्हणाले. "घट्टच बसलीया." आणि बराच वेळ त्यांनी आम्हाला पुन्हा साबण लावू दिला नाही.